संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांच्या हृदयाबद्दल कार्यक्रम ठेवायचाय, नेमकं काय करावं?

कोरेगावची सीआरपी:

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात उमेदच्या, म्हणजे राज्य सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या, बचत गटांचं काम बघते, सीआरपी (गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून. आमच्या ग्रामसंघाचं, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाचं, हळदीकुंकू संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे कधीतरी होतं. वाण म्हणून स्टीलची वाटी नाहीतर प्लास्टिकचा डबा, आणि कुणीतरी पाहुण्या बाई येऊन भाषण करून जातात. यंदा बैठकीत मी म्हटलं, बायकांच्या हृदयविकारावर काहीतरी करूया. निम्म्या जणी लगेच म्हणाल्या, तो पुरुषांचा आजार. बायकांचं बोलायचं तर कॅन्सर, रक्त कमी असणं आणि गुडघे यांवर बोला.

मी हा विषय धरून बसलेय त्याला कारण आहे. आमच्याच एका गटातली बाई, पन्नाशीही झाली नव्हती, घेवड्याच्या काढणीच्या दिवसांत गेली. रानातून आली ती म्हणाली, पाठीत उसण भरलीय, मळमळतंय, हातापायातला जीव गेल्यासारखं वाटतंय. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा-लिंबू दिलं, जावेनं पाठ चोळून दिली. दवाखान्यात नेलं तर तिथं पित्ताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. पहाटे गेली. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. शुगर होती, गोळ्या होत्या, पण कामाची घाई आली की गोळ्या बंद. आमच्या गटात कर्जाचा हप्ता चुकला तर त्याच आठवड्यात कळतं. हिच्या गोळ्या बंद आहेत हे शेजारच्या घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

तर मला विचारायचंय, की अर्ध्या तासात असं काय सांगावं जे बायका घरी नेतील? नुसतं 'व्यायाम करा, ताण घेऊ नका' असं सांगितलं तर हसतील. दिवसभर रानात वाकून काम करणाऱ्या बाईला व्यायाम काय सांगायचा?

दुसरं, एक लॅबवाला आलाय. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज स्वस्तात लावून देतो म्हणतो. ग्रामसंघाकडे पैसे थोडेच आहेत. ते ह्यात घालावेत का?

आणि तिसरं मशेरीचं. आमच्याकडं चाळिशीच्या वरच्या कितीतरी जणी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. तोंडाचा कॅन्सर होतो हे सगळ्या ऐकून आहेत. हृदयाशी तिचा काही संबंध आहे का?


निवृत्त सिस्टर:

ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्य काढलं, आधी उपकेंद्रात एएनएम (नर्स) आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून. पॅकेजचे पैसे वाचवा आणि त्यात बीपीची दोन चांगली मशीन घ्या. ती गावातच राहतील.

का सांगते. आपल्याकडं बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा कधी लागतो? पोटुशी असताना. नऊ महिने आम्ही तिच्या मागे असतो, प्रत्येक तपासणीला बीपी, वजन, लघवी. बाळ झालं, लसी संपल्या की तिचं कार्ड ट्रंकेत जातं. त्यानंतर पंधरा-वीस वर्षं तिचं बीपी कुणी बघत नाही. मग एक दिवस तोंड वाकडं होतं नाहीतर धाप लागते आणि मशीनवर २००/११० दिसतं. मी हे इतक्यांदा पाहिलंय की मला त्याचा राग येतो. वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणून ते मोजावंच लागतं.

मेळाव्यात मोजताना काही गोष्टी सांभाळा. बाई चालत आली की लगेच पट्टा लावायचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकवून बसवा, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नको. अर्ध्या तासात चहा झाला असेल किंवा मशेरी लावली असेल तर थांबा. लघवीला जाऊन येऊ द्या. आणि ब्लाऊजची बाही! घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला आवळते आणि मोजमाप बिघडतं, पट्टा बाहीवरून लावला तरी गडबड होते. म्हणून एक कोपरा साडीचा आडोसा करून ठेवा आणि बायकांना सैल बाहीचा ब्लाऊज घालून यायला आधीच सांगा. दंड हृदयाच्या उंचीवर टेकवा. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे कागदावर लिहून तिच्या हातात द्या. मोठ्यानं वाचून दाखवू नका, गावात त्याची चर्चा होते आणि पुढच्या वेळी ती येत नाही.

१४०/९० किंवा वर आलं तर घाबरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, तरीही तेवढंच आलं तर आरोग्य केंद्रात. १८०/१२० च्या घरात असेल आणि सोबत डोकं ठणकतंय, दम लागतोय, दिसायला अंधुक होतंय असं काही असेल तर लगेच दवाखाना.

तुमच्या जिल्ह्याचं नशीब बरं आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशपातळीवरचा उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि सातारा हे चार जिल्हे आधी घेतले होते. सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी व्हायची हा सरकारी नियमच आहे, आशाताईंकडे त्याचा, आजारांचा धोका विचारून भरायचा, सीबॅक फॉर्म असतो. उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) मेळाव्याला बोलवा, त्या शुगरही तपासतील. त्यासाठी तुम्हाला एक पैसा लागणार नाही.

आणि गोळीनं उपवास मोडत नाही, हे माईकवरून सांगा. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्यातले किती दिवस गोळी चुकते ते मोजून बघा. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर उपवासालाही घ्यायची. शुगरच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारून ठरवायचं, कारण न खाता ती घेतली तर साखर खाली येऊ शकते. शुगर असणाऱ्या बाईनं कडक उपवास धरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, तरुण मुलींसाठी. घसा सारखा धरतो, मग मोठे सांधे सुजतात, ताप येतो, अशा मुलीला डॉक्टरकडं न्या. संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब होतात आणि तो आजार मुली-बायकांत जास्त दिसतो. पुष्कळदा पहिल्या बाळंतपणातच दम लागायला लागतो आणि तेव्हा कळतं. ज्यांना त्यासाठी दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू आहे, त्यांचं लग्न झाल्यावर ते बंद पडतं, कारण सासरी सांगितलेलं नसतं. तुमच्या गटात अशी सून असेल तर तिच्या पाठीशी उभ्या राहा.


कराडचा फिजिशियन:

सिस्टरांनी बहुतेक सांगितलंय. मी लक्षणं आणि तुमचे बाकीचे प्रश्न घेतो.

जगभरात बायकांच्या मृत्यूचं पहिलं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे, साधारण तीनातली एक बाई त्यानं जाते. सगळे कॅन्सर एकत्र केले तरी ते मागे राहतात. बैठकीतल्या निम्म्या जणींना हे एकच वाक्य सांगा.

तुमच्या मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. लक्षणांबद्दल हल्ली इंटरनेटवर उलटा गैरसमज पसरतोय, की बायकांना छातीत दुखतच नाही. तसं नाही. बायकांनाही सगळ्यात जास्त वेळा छातीतच त्रास होतो. पण तो 'दुखणं' म्हणून सांगितला जात नाही. दडपण, आवळल्यासारखं, जळजळ, जड वाटणं असं सांगतात. आणि त्याबरोबर, किंवा कधी त्याच्याविनाच, जबडा, मान, दोन्ही खांद्यांच्या मधे दुखणं, मळमळ, दरदरून घाम, दम लागणं, अचानक आलेला विलक्षण थकवा हे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं. बायकांना ओळखायची खूण म्हणून मी असं सांगतो: रोजचं काम करताना त्रास सुरू होतो, बसलं की थांबतो, पुन्हा कामाला लागलं की पुन्हा येतो, हे पित्ताचं लक्षण समजू नका. हंडा घेऊन चढ चढताना जबडा दुखत असेल तर तो दाताचा त्रास नसेल. आणि विश्रांती घेऊनही काही मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन. तिथं ईसीजी काढा असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. शुगर असेल तर ती पहिल्या वाक्यात सांगायची, कारण मधुमेहात दुखणं बोथट होतं. घरात पडलेली सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्याची, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवण्याची सवय वाईट आहे, बीपी आधीच पडलेलं असेल तर ते आणखी पडतं.

लॅबच्या पॅकेजला नाही म्हणा. काहीच त्रास नसलेल्या बाईचा ईसीजी नॉर्मल आला तर त्याचा अर्थ फार काही नसतो, आणि ती मात्र पुढची पाच वर्षं 'माझं हृदय तपासून झालंय' असं धरून चालते. त्रास होत असताना काढलेला ईसीजी सोन्याच्या मोलाचा. मेळाव्यात बीपी, शुगर, आणि एक शिंप्याची टेप. बेंबीच्या पातळीला पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर आपल्या बायकांत धोका वाढलेला धरतात. कोलेस्टेरॉल ज्यांचं बाकी काही वाढलेलं आहे त्यांचं नंतर करा.

त्याहून महत्त्वाचे चार प्रश्न, ज्यांना मशीन लागत नाही. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का? तेव्हा शुगर निघाली होती का? बाळ दिवसांआधी झालं होतं का? पाळी कधी गेली, की पिशवी काढली? गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील तर पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. बाळंतपणानंतर बीपी उतरतं, बाई विसरते, पण धोका राहतो. पिशवीचं तर आपल्याकडं फार झालंय. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तुमच्या भागातही टोळ्या येतात, त्यांच्यातल्या कुणाला विचारा. तिशी-पस्तिशीत गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं संरक्षण त्याच दिवशी संपतं. एरवी पाळी जाईपर्यंत त्याचा आधार असतो, म्हणून बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा सात-दहा वर्षं उशिरा दिसतो. मधुमेह असला की हा फायदा जवळपास पुसला जातो. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेऊन हृदय वाचवता येईल अशी पूर्वी समजूत होती. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाच्या २००२ मधल्या निष्कर्षांनी ती खोटी ठरवली. त्यामुळं कुणी हृदयासाठी म्हणून त्या घेऊ नयेत.

मशेरीचा संबंध थेट आहे. भाजला तरी तो तंबाखूच. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका साधारण दुप्पट दिसला होता. त्याच अभ्यासात बायकांच्या धोक्यातला ९४ टक्के भाग नऊ कारणांत बसला, आणि ती बहुतेक सगळी बदलता येण्यासारखी आहेत.

रानातल्या कामाबद्दल: वाकून केलेलं काम मेहनतीचं असतं, त्याला कमी लेखू नका. ज्या बायका आता रानात जात नाहीत, सून घरात आहे, दुपार टीव्हीपुढे जाते, त्यांना रोज अर्धा तास झपझप चालायला सांगा, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं.


खटावकर:

एक पुरुष म्हणून मध्ये बोलतो. मेळाव्याला नवरे आणि पोरं यांनाही शेवटचा अर्धा तास बोलवा. रात्री दोनला आईला घाम फुटला तर गाडी काढायची की सकाळ होऊ द्यायची हे कोण ठरवतं? आम्ही. आणि आई म्हणते, 'कशाला, एवढं काही नाही, उगाच खर्च.' माझ्या आईनं अगदी हेच शब्द वापरले होते. मी ऐकलं नाही, गाडी काढली, ती आज घरात आहे. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाली, रेशन कार्ड आणि आधार लागलं. हे लोकांना आधी माहीत असलं तर खर्चाच्या भीतीनं थांबत नाहीत. योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं आणि १०८, हे दोन्ही कागदावर छापून प्रत्येकीच्या फळीवर चिकटवा.


एडिसनकर:

मी न्यू जर्सीत असते, माहेर फलटणचं. इथे फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी बायकांच्या हृदयासाठी लाल कपडे घालतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनची ही मोहीम २००४ पासून चालू आहे. आमचं मंडळ संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच आठवड्यात घेतं, त्यामुळं दोन्ही जुळून येतं. लाल साड्यांचे फोटो छान येतात, पण उपयोग झाला तो त्या दिवशी शिकलेल्या सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा. बाई कोसळली तर लोक हात लावायला कचरतात, विशेषतः पुरुष. इथल्या अभ्यासांतही सार्वजनिक जागी बायकांना सीपीआर कमी वेळा मिळतो असं दिसलंय. म्हणून बायकांनीच शिकावं. हलवून, हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट चालत नाही, तर एकीनं १०८ लावायचा, दुसरीनं छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात दाबायचं, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. साडी-ब्लाऊजवरूनच, काही सोडायची गरज नाही. सरावाला घट्ट उशी चालते.

आणखी एक. इथले डॉक्टर आम्हाला वेगळं धरतात. २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक म्हणून लिहिलाय, आणि गरोदरपणातलं बीपी, चाळिशीच्या आत गेलेली पाळी हेही. माझी पहिली डिलिव्हरी साताऱ्यात झाली होती, तेव्हा बीपी वाढलं होतं. इथे पहिल्याच भेटीत ते विचारलं गेलं. आईकडून जुनी फाइल शोधून मागवून घेतली. तुमच्या बायकांची ट्रंकेतली ती कार्डं बाहेर काढायला लावा, सिस्टर म्हणतात ते अगदी खरं आहे.


वर्धेकर:

सगळ्यांनी उत्तम सांगितलं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. हळदीकुंकवाला विधवा बाई येत नाही. आली तरी मागे बसते. आणि हृदयविकाराचा धोका कुणाला जास्त? पाळी गेलेल्या, वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, औषधाला पैसे कुणाकडे मागायचे हा प्रश्न असलेल्या बायकांना. म्हणजे जिला सगळ्यात आधी बीपीचा पट्टा लागायला हवा, तिलाच आपण आमंत्रण देत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनं त्याचं परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामसंघाला हे सहज जमेल. कार्यक्रमाला हळदीकुंकू म्हणूच नका. आणि एकट्या राहणाऱ्या बायकांची यादी काढून त्यांना गाडीनं आणा.


कोरेगावची सीआरपी:

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्धेकर ताई, तुमचं वाचून मी लगेच अध्यक्षांना फोन केला. थोडी कुरबूर झाली, पण पत्रिकेवर आता 'तिळगूळ मेळावा, सर्व महिलांसाठी' असं छापायचं ठरलंय. आमच्या गटातल्याच तीन विधवा बायका आजवर कधी आल्या नव्हत्या, त्यांच्याच हातून पहिला तिळगूळ वाटायचा.

लॅबवाल्याला नाही कळवलं. वाणाच्या पैशात दोन बीपी मशीन. वाटी नाही म्हणून काही जणी रुसतील, त्यांना मी समजावेन. वाण म्हणून प्रत्येकीला एक कार्ड: बीपी, शुगर, पोटाचा घेर, डॉक्टरांचे चार प्रश्न, खाली १०८ आणि योजनेतलं रुग्णालय. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत, हेही त्यावर घालतेय. आमच्याकडं खर्डा, लोणचं, पापड, सुकट यातलं मीठ कुणी मोजतच नाही.

गोळ्यांचं मी वेगळं ठरवलंय. गटाच्या बैठकीत बचतीची वही उघडतो, तेव्हाच हे कार्डही उघडायचं. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी रिकामी पट्टी दाखवायची. गोळ्या संपत आल्या असतील तर त्या आठवड्यात जी बाई आरोग्य केंद्राकडं जाणार असेल तिनं सोबत न्यायचं. ज्यांना सगळ्यांसमोर दाखवायचं नसेल त्या मला एकटीला दाखवतील. हे जमेल, कारण हप्त्याचं आम्हाला जमतंच.

मशेरीसाठी तंबाखू सोडलेल्या आमच्याच गावच्या एका आजींना बोलायला सांगितलंय.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. आमच्यात काही जणींचे दंड चांगलेच जाड आहेत. मशीनसोबत आलेला पट्टा पुरत नाही, ओढूनताणून लावावा लागतो. चालतं का तसं?


निवृत्त सिस्टर:

नाही चालत. लहान पट्टा जाड दंडाला ओढून लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात. मशीन घेताना दुकानात मोठ्या मापाचा कफ वेगळा मागा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाला बसतो, मोठा ३२ ते ४२ ला. त्याच शिंप्याच्या टेपनं आधी दंड मोजा, मग पट्टा निवडा. दोन मशीनमधलं एक मोठ्या पट्ट्याचंच ठेवा. मेळाव्याची तारीख ठरली की इथं कळवा, मी वाईहून येते.